पुलाखालचे नऊ फूट

आमच्या घरी एक होडी आहे. होडी म्हटलं की पुण्याच्या मावशीच्या डोळ्यांसमोर वल्ह्याची लाकडी होडी येते, म्हणून आधीच सांगते: ही वीस फुटांची मोटरबोट आहे. मागे एक इंजिन, मधोमध स्टिअरिंग आणि स्टिअरिंगच्या डोक्यावर चार नळ्यांवर बसवलेलं पक्कं छत. त्या छतावर एक पांढरा दिवा आहे, रात्री लावायचा. बाबांनी ही बोट जुनी विकत घेतली आणि पहिले दोन उन्हाळे फक्त इंजिनाबद्दल बोलण्यात घालवले. पण या गोष्टीत इंजिनाचा दोष काहीच नाही. दोष माझा आहे, आणि गोष्ट छताची आहे.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. बोट असते रॅरिटन उपसागराच्या दक्षिण काठावर, एका लहानशा खाडीच्या तोंडाशी. खाडीतून थोडं आत गेलं की रस्त्याचा एक पूल लागतो. हा पूल उघडत नाही. ज्याची बोट खालून जाईल त्याने जावं, बाकीच्यांनी परत फिरावं. पुलाच्या पलीकडे मोठं खाजण आहे. खाजण म्हणजे खाऱ्या पाण्याची दलदल. भरतीला तिच्यात पाणी शिरतं आणि ओहोटीला चिखल उघडा पडतो. तिथे उंच खांबांवर लाकडी फळ्या ठोकून ठेवल्या आहेत, आणि त्यांच्यावर ऑस्प्रे नावाचे मासे पकडणारे मोठे पक्षी घरटी करतात.

त्या जुलैमध्ये आजोबा आमच्याकडे आले होते. वय ८१. आयुष्यभर ते कोकणात गणित शिकवत होते. दाभोळच्या खाडीपलीकडे त्यांची शाळा होती, आणि कित्येक वर्षं ते रोज तरीतून शाळेत गेले. तर म्हणजे माणसांना खाडीपार नेणारी होडी. परत जायला आठच दिवस उरले होते, आणि त्यांना ऑस्प्रेची पिल्लं बघायची होती. बाबांना त्या दिवशी काम होतं. मी म्हणाले, "मी नेते." माझ्याकडे बोट चालवायचं सर्टिफिकेट आहे, ते इथे सगळ्यांनाच लागतं. बाबांनी किल्ली दिली आणि विचारलं, "पुलाचं बघितलंस ना?"

"बघितलं," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते. बघितलं होतंच.

काय बघितलं होतं ते सांगते. सागरी नकाशात, म्हणजे चार्टवर, प्रत्येक पुलाजवळ एक आकडा असतो. पाण्यापासून पुलाच्या सगळ्यात खालच्या तुळईपर्यंत किती मोकळी जागा आहे, तो हा आकडा. आमच्या पुलाला आकडा होता ९ फूट. आणि पाण्यापासून छतावरच्या दिव्याच्या टोकापर्यंत आमची बोट साडेआठ फूट भरते. ते मी आणि बाबांनी टेप लावून मोजलं होतं.

आता पाणी तर वरखाली होतं. मग नऊ फूट कधीचे? भरतीचे की ओहोटीचे? हेही मी वाचलं होतं. अमेरिकेच्या चार्टवर पाण्याची खोली ओहोटीच्या पातळीपासून मोजतात आणि पुलाची उंची भरतीच्या पातळीपासून. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे विचित्र वाटलं होतं. एकाच कागदावर दोन वेगवेगळी शून्यं कशाला? पण विचार केला की पटतं. बोट तळाला घासते ती पाणी कमी असताना आणि पुलाला आपटते ती पाणी जास्त असताना. म्हणून नकाशा काढणारे दोन्हीकडे वाईट बाजू धरून चालतात. माझी आजी पाहुणे जेवायला यायचे असले की भाताला माणसं जास्त धरायची आणि वाढताना श्रीखंड कमी धरायची, तसंच.

तर मी हिशेब असा केला: नऊ फूट हे भरतीचे आहेत. म्हणजे कमीत कमी नऊ. इतर वेळी जास्तच. आपली बोट साडेआठ. झालं की! कधीही जा, कधीही या. मे महिन्यात आम्ही त्या पुलाखालून चार वेळा गेलो होतो, आणि प्रत्येक वेळी डोक्यावर भरपूर जागा होती.

चूक कुठे झाली ते तुम्हाला दिसलं का? मला नाही दिसलं. रात्री साडेदहापर्यंत नाही.

दुपारी पाचच्या सुमाराला आम्ही पुलाखालून आत गेलो. मी, आजोबा आणि माझा बारा वर्षांचा भाऊ. पाणी अजून अर्धंही चढलं नव्हतं. पुलाच्या खांबांवर कालवं दिसत होती, त्यांच्या वर शेवाळाची काळपट पट्टी, आणि तिच्या वर कोरडं, पांढरट काँक्रीट. मी या सगळ्याकडे नीट बघितलंही नाही. आजोबांनी बघितलं.

आत फार मजा आली. एका घरट्यात तीन पिल्लं होती. त्यांची आई पायात मासा धरून आली. माशाचं तोंड पुढे आणि शेपूट मागे, अगदी विमानासारखा धरलेला. आजोबा म्हणाले, "बघ, हवा कापायला कसा सरळ धरलाय." आम्ही आणलेल्या चिवड्यातला बराचसा भावाने संपवला. मग सूर्य खाली जायला लागला, चंद्र वर यायला लागला, तो पूर्ण गोल होता, आणि आजोबा म्हणाले, "आज गुरुपौर्णिमा." मी म्हणाले, "हो, आईने सकाळी सांगितलं." एवढंच. खाडीत होडी घेऊन फिरणाऱ्या माणसाला पौर्णिमा म्हटल्यावर दुसरं काहीतरी आधी आठवायला हवं होतं.

आठ वाजून दहा मिनिटांनी आम्ही परत पुलाजवळ आलो. भरती अजून आत येत होती, म्हणजे पाणी आम्हाला पुलापासून हळूहळू मागे ढकलत होतं. मी वेग थोडा वाढवला. संधिप्रकाशात पूल नेहमीसारखाच दिसत होता. लांबून पुलाखालची जागा नेहमी मोठी वाटते, कारण आपले डोळे छतापेक्षा कितीतरी खाली असतात आणि आपण खालून वर बघत असतो.

"थांब," आजोबा म्हणाले.

मला वाटलं, त्यांना आणखी एखादा पक्षी दिसला.

"बाळा, थांब. खांबावरची काळी पट्टी कुठे गेली?"

मी खांबाकडे बघितलं. कालवं नव्हती, ती तर भरतीत बुडणारच. पण काळी पट्टीही नव्हती. पाणी पट्टीच्या वर, पांढऱ्या काँक्रीटला लागलं होतं. मी इंजिन रिव्हर्समध्ये टाकलं.

आमच्याकडे बोट धक्क्याला ओढायची आकडीची लांब काठी असते. भावाने ती पुढच्या टोकाला उभी धरली आणि मी अगदी हळू, चालत्या माणसापेक्षाही हळू, बोट पुलाकडे नेली. काठीचं टोक तुळईला लागलं तेव्हा ते छतावरच्या दिव्याच्या बरंच खाली होतं. दिवाच काय, छतही गेलं नसतं. आणि आजोबा त्या वेळी छताची नळी धरून उभे होते. त्यांचा हात कुठे होता ते मी नंतर बरेच दिवस आठवत राहिले.

मी बोट मागे नेली आणि खाजणाच्या कडेला नांगर टाकला. बाबांना फोन केला. ते क्षणभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिघं ठीक आहात ना? आजोबांचं जेवण?" आजोबांना मधुमेह आहे. रात्री साडेआठला जेवण आणि त्याआधी इन्सुलिन. इन्सुलिन घरी फ्रिजमध्ये होतं. बाबा म्हणाले, "मी गाडी घेऊन पुलावर येतो, त्यांना वर घेऊ." पण पुलाजवळ काठाला मोठमोठ्या दगडांचा उतार होता, ओला आणि निसरडा. त्यावरून ८१ वर्षांच्या माणसाला अंधारात चढवणं मला पटलं नाही, आणि आजोबांना तर मुळीच नाही. ते फोनवर बाबांना म्हणाले, "अरे, तर चुकली की आम्ही दोन-दोन तास चिखलाकडे बघत बसायचो. मला काय झालंय? फक्त डॉक्टरांना विचार, इन्सुलिन उशिरा घेतलं तर काय करायचं." बाबांनी विचारलं आणि परत फोन केला. साखर मोजायचं यंत्र आजोबांच्या पिशवीत होतं. आकडा ठीक आला. भावाने उरलेला चिवडा न बोलता आजोबांच्या हातात दिला.

मग आजोबांनी मला विचारलं, "आता सांग. नऊ फूट कुठून आणलेस?"

मी फोनवर चार्टची माहिती उघडून दाखवली. तिथे लिहिलं होतं, पुलांची उंची 'मीन हाय वॉटर'पासून मोजली आहे.

"मीन म्हणजे मासा," आजोबा म्हणाले.

"मीन म्हणजे दुष्ट," भाऊ म्हणाला.

मीन म्हणजे सरासरी. 'मीन हाय वॉटर' म्हणजे सगळ्या भरत्यांची सरासरी. मी 'हाय वॉटर' वाचलं होतं आणि 'मीन' गिळून टाकलं होतं.

आजोबा काही रागावले नाहीत. त्यांनी शिक्षकाच्या आवाजात विचारलं, "वर्गातल्या मुलांची सरासरी उंची पाच फूट आहे म्हणून सुताराने पाच फुटांचं दार केलं. किती मुलांचं डोकं आपटेल?"

"साधारण अर्ध्या."

"मग अर्ध्या भरत्यांना तुझा पूल नऊ फुटांपेक्षा कमी आहे."

अंधारात, डासांना मारत, मी हे पहिल्यांदा नीट समजून घेतलं. तुम्हालाही सांगते, कारण एकदा कळलं की हिशेब दोन मिनिटांचा आहे.

आमच्या भागासाठी भरतीचं कोष्टक सँडी हुकचं वापरतात. सँडी हुक म्हणजे न्यू जर्सीच्या टोकाची वाळूची लांब जीभ. तिथे पाण्याची पातळी मोजायचं सरकारी केंद्र आहे. कोष्टकातले भरतीचे आकडे ओहोटीच्या शून्यापासून मोजलेले असतात. त्याच शून्यापासून मोजलं तर तिथली सरासरी भरती सुमारे ४.९ फूट आहे. आता कोष्टकात भरती ४.९ असेल तर पुलाखाली बरोबर ९ फूट. भरती एक फूट कमी असेल तर पुलाखाली एक फूट जास्त. भरती एक फूट जास्त असेल तर एक फूट कमी. बस. आजोबांनी ते आणखी सोपं केलं. नऊ आणि ४.९ यांची बेरीज १३.९. पाण्याच्या शून्यापासून पुलाची तुळई १३.९ फुटांवर आहे, आणि ती कधीच हलत नाही. हलतं ते पाणी. म्हणून १३.९ मधून आत्ताची भरती वजा करायची. (हे १३.९ आमच्या पुलाचे. तुमच्या पुलाचा आकडा वेगळा येईल.)

पाच वाजता पाणी २.६ फुटांवर होतं. पुलाखाली ११ फुटांहून जास्त जागा. म्हणून आत जाताना मला काहीच जाणवलं नाही. आणि रात्री साडेआठच्या पूर्ण भरतीला कोष्टकात आकडा होता ६.०. म्हणजे ७.९ फूट. माझी बोट साडेआठ.

आणि मी कोष्टक निघण्यापूर्वी उघडलंच नव्हतं! कशाला उघडायचं, नऊ तर कमीत कमी आहेत ना?

मे महिन्यात चारही वेळा आम्ही कसे गेलो होतो, तेही मग कळलं. ते दिवस भांगाचे होते. हा शब्द मला आजोबांनी त्या रात्री दिला. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला चंद्र आणि सूर्य दोघांची ओढ एका रेषेत येते, भरती खूप चढते आणि ओहोटी खूप उतरते. ते उधाण. अष्टमीच्या आसपास चंद्र-सूर्य काटकोनात असतात, एकाची ओढ दुसऱ्याची थोडी कमी करते, आणि पाणी जेमतेम वरखाली होतं. तो भांग. "भांगाला तर कधीही लागायची," आजोबा म्हणाले. "उधाणाला तांडेल आधी चंद्राकडे बघायचा, मग आमच्याकडे." मी मात्र भांगाच्या चार फेऱ्यांवरून पुलाची खात्री करून घेतली होती.

पण गोष्ट ६.० वर संपत नाही. काठी ज्या तऱ्हेने अडली त्यावरून मला ७.९ फूटही जागा दिसत नव्हती. मी सँडी हुकच्या केंद्राचं पान उघडलं. तिथे दोन रेषा असतात: एक आधी काढलेल्या अंदाजाची आणि दुसरी प्रत्यक्ष मोजलेल्या पाण्याची. खरी रेषा वर होती. साडेआठला ६.४ दाखवत होती. दोन दिवस ईशान्येकडून वारा होता, आणि तो वारा आमच्या किनाऱ्याकडे पाणी लोटत राहतो. कोष्टकाला चंद्र कळतो, वारा कळत नाही. हवेचा दाब कमी झाला तरी पाणी वर येतं, साधारण एका मिलिबारला एक सेंटिमीटर. आणि वादळ असेल तर बोलायलाच नको. २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बॅटरी केंद्रावर पाणी याच शून्यापासून सुमारे १४ फूट चढलं होतं. तेवढं पाणी आमच्या खाडीत धरलं तर १३.९ वजा १४. भावाने हे फोनवर करून बघितलं आणि म्हणाला, "पूल पाण्यात गेला!"

शिवाय ती सरासरीही जुनी आहे. चार्टसाठी वापरलेली सरासरी १९८३ ते २००१ या १९ वर्षांची आहे. एकोणीस वर्षं का? कारण चंद्राच्या कक्षेचं एक चक्र १८.६ वर्षांचं असतं, ते पूर्ण पकडायला. पण तेव्हापासून समुद्र थांबलेला नाही. सँडी हुकला पाण्याची पातळी दरवर्षी सुमारे चार मिलिमीटर वाढते. १९९२ हे त्या काळाचं मधलं वर्ष धरलं तर आजपर्यंत पाच इंचांच्या आसपास वाढ झाली. म्हणजे आजच्या भरत्या त्या सरासरीला अर्ध्याहून जास्त वेळा ओलांडतात. सुताराने दार केलं तेव्हाची मुलं आता वाढली आहेत.

(ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी: तुमच्याकडच्या नव्या चार्टवर पुलाची उंची बहुतेक ठिकाणी सरासरी भरतीपासून नसून चंद्र-सूर्यामुळे येऊ शकणाऱ्या सर्वात उंच भरतीपासून मोजतात. ते जास्त सुरक्षित आहे. पण वारा त्यातही धरलेला नाही. आणि जुना चार्ट असेल तर आधी बारीक अक्षरं वाचा. मी वाचली नव्हती.)

आता प्रश्न होता, निघायचं कधी? बोट साडेआठ फूट, त्यावर लाटांसाठी अर्धा फूट सोडायचा, म्हणजे नऊ फूट जागा हवी. नऊ फूट म्हणजे पाणी ४.९ वर यायला हवं. दीड फूट उतरायला किती वेळ?

मला वाटलं, सहा तासांत साडेसहा फूट उतरणार, म्हणजे तासाला एक फुटाहून थोडं जास्त, दीड फुटाला दीड तास पुरे. आजोबांनी मान हलवली. पाणी एकसारखं उतरत नाही. पूर्ण भरतीच्या वेळी ते रेंगाळतं, मध्ये जोरात धावतं, शेवटी पुन्हा रेंगाळतं. त्यासाठी खलाशांचा एक जुना ठोकताळा आहे: एकूण उताराचे बारा भाग करायचे. पहिल्या तासाला एक भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, पाचव्याला दोन, सहाव्याला एक. आमचा उतार साडेसहा फूट, म्हणजे ७८ इंच. एक भाग साडेसहा इंच. पहिल्या तासात साडेसहा, दुसऱ्यात तेरा. दोन तासांत साडेएकोणीस इंच, म्हणजे १.६ फूट. ६.४ वजा १.६, उरले ४.८. तेव्हा दोन तास. साडेदहा.

आजोबांकडे भरतीची वेळ काढायचा स्वतःचाही एक नियम होता. कोकणात सगळ्यांना तो पाठ असायचा: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता. पौर्णिमा पंधरावी, पंधरा पाऊण सव्वाअकरा. नियम ढोबळ आहे, पण घड्याळ नसलेल्या माणसाला पुरतो. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. म्हणून तो जमतो. पण न्यू जर्सीत पौर्णिमेला भरती साडेआठला आली होती, सव्वाअकराला नाही. आजोबा त्यावर बराच वेळ विचार करत होते. शेवटी म्हणाले, "रोजचा उशीर चंद्राचा, तो सगळीकडे सारखा. पण सुरुवात कुठून करायची ते किनाऱ्यावर अवलंबून. इथे माझ्या उत्तरातून पावणेतीन तास वजा करायचे." त्यांनी ते खिशातल्या डायरीत लिहूनही ठेवलं, जणू त्यांना पुढच्या आठवड्यात इथे तर चालवायची होती.

दरम्यान भावाने एक उपाय सुचवला: बोटीत बादलीने पाणी भरू, म्हणजे ती खाली बसेल. आम्ही हसलो, पण त्यात तथ्य आहे. वजन वाढलं की बोट पाण्यात खाली जाते. माणसं उतरली की वर येते. पाच माणसांना घेऊन पुलाखालून कसंबसं गेलात आणि त्यांना पलीकडे उतरवून एकटे परत आलात, तर तीच बोट एक-दोन इंच उंच झालेली असते. मी दुसराच उपाय मनात धरला होता, छतावरचा दिवा काढून टाकायचा, म्हणजे अर्धा फूट वाचेल. पण रात्री दिव्याशिवाय बोट चालवायची नाही, हे सर्टिफिकेटच्या परीक्षेतसुद्धा विचारतात. मी ते कुणाला बोलून दाखवलं नाही.

साडेदहा वाजले. खांबावर काळ्या पट्टीचा वरचा काठ नुकता दिसायला लागला होता. पण आता नवीन अडचण होती. ओहोटी लागली होती, आणि सगळं खाजण त्या एका पुलाखालून समुद्रात रिकामं होत होतं. आठ वाजता पाणी मला पुलापासून मागे ढकलत होतं; आता ते मला पुलाकडे ओढत होतं. या वेळी काठी तुळईला लागली तर मागे येणं सोपं नव्हतं.

"तोंड फिरव," आजोबा म्हणाले. "तर कधी प्रवाहाच्या पाठीवर बसून धक्क्याला आणत नाहीत. तोंड प्रवाहाकडे करायचं आणि हळूहळू मागे सरकायचं."

मी बोट वळवली. तोंड खाजणाकडे, पाठ पुलाकडे. इंजिन पुढे चालवत ठेवलं, पण प्रवाहापेक्षा जरासं कमी, म्हणजे बोट पाण्यात पुढे जात होती आणि जमिनीच्या हिशेबाने मागे येत होती. काही अडलं तर फक्त इंजिन वाढवायचं, की आपण पुलापासून दूर. काठी आता मागच्या बाजूला हवी होती. आजोबा मागच्या बाकावर बसले, भाऊ त्यांच्या शेजारी. काठीचं वरचं टोक दिव्यापेक्षा अर्धा फूट उंच राहील अशी आम्ही ती आधीच मोजून चिकटपट्टी लावून ठेवली होती.

पहिली तुळई आली. काठी मोकळी. दुसरी. भाऊ मोठ्याने मोजत होता. चौथ्या तुळईला काठी घासल्याचा आवाज झाला आणि माझा हात थ्रॉटलवर गेला, पण आजोबा म्हणाले, "बोल्ट आहे, तुळई नाही. चल." डोक्यावरून एक गाडी गेली आणि सगळा पूल धडधडला. मग वर पुन्हा चंद्र होता.

धक्क्यावर बाबा उभे होते, हातात थर्मास आणि आजोबांची इन्सुलिनची पेटी. त्यांनी मला काही विचारलं नाही. आजोबांना हात देऊन उतरवलं, आणि मग बोटीच्या छताकडे, दिव्याकडे, माझ्याकडे एकदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी आजोबा म्हणाले, चला, मोजून बघू. आम्ही दोघं गाडीने पुलावर गेलो. मी दोरीला वजन बांधून कठड्यावरून पाण्यापर्यंत सोडली, मग कठड्यापासून तुळईच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर त्यातून वजा केलं. त्या वेळी सँडी हुकला पाणी ३.१ होतं. १३.९ वजा ३.१, म्हणजे १०.८ यायला हवं होतं. दोरीने आलं साडेदहा. आजोबांना तो तीन-चार इंचांचा फरक फार आवडला नाही. दोरी वाऱ्याने तिरकी झाली असेल, किंवा खाडीत आत पाणी सँडी हुकइतकंच नसेल. त्यांनी ठरवलं, दोरीचंच खरं धरायचं.

पुढे मी काही मोठ्या पुलांच्या खांबांवर उभ्या पाट्या बघितल्या. त्यांच्यावर आकडे वरून खाली वाढत जातात. पाणी ज्या आकड्याला लागलेलं असेल तेवढी जागा त्या क्षणी पुलाखाली असते. वजाबाकी नाही, कोष्टक नाही, वारासुद्धा त्यात आलेला असतो. आमच्या पुलाला अशी पाटी नाही.

म्हणून आजोबांनी जाण्यापूर्वी एक केली. पुठ्ठ्यावर, मार्करने, वर प्लास्टिक चिकटवून. ती आता स्टिअरिंगच्या बाजूला असते. तिच्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलंय: १३.६ − भरती. नऊच्या खाली असेल तर जायचं नाही.

सप्टेंबरमध्ये बाबा पहिल्यांदा ती पाटी घेऊन आत निघाले, तेव्हा त्यांनी विचारलं, "हे १३.६ कुठून आलं? चार्टवरून तर १३.९ येतात."

भावाने त्यांना दोरीपासून सगळं सांगितलं. मराठीतून. फक्त 'बोल्ट' इंग्रजीत.